पोलादी हत्ती आणि त्यांचे अनामिक माहूत

दारी हत्ती झुलत असणे हे मराठी भाषेने मानलेले वैभवाचे जुने परिमाण होय. संस्थाने विलीन झाली, अंबाऱ्या वस्तुसंग्रहालयांत गेल्या. पण हत्तीचे ते स्थान रिकामे राहिले नाही. विसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील संस्थानिक, गिरणीमालक, नामांकित वकील-डॉक्टर आणि पुढे चित्रपटांतील नटनट्या यांच्या दारी अमेरिकी बनावटीची अवाढव्य मोटारगाडी येऊन उभी राहिली. ब्यूक, पॅकार्ड, कॅडिलॅक, शेवर्ले, डॉज, प्लिमथ ही नावे, ज्यांनी त्या गाड्यांत कधी पाऊलही ठेवले नाही अशा चाळकऱ्यांच्या तोंडीही रुळली. आज त्या गाड्या मोजक्याच उरल्या आहेत. मुंबईत जुन्या मोटारींचा मेळावा भरतो, किंवा नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावरून एखाद्या रविवारी सकाळी लांबलचक शेवर्ले संथपणे निघून जाते, तेव्हा चालणारे थबकतात, मुले बापाचा हात ओढतात आणि म्हातारी माणसे गाडीचे नाव अचूक सांगून तरुणांवर मात करतात.

या कौतुकावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. ज्या महानगरात लाखो माणसे लोकलच्या दारात लोंबकळत कामावर जातात, तेथे लिटरभर पेट्रोलमध्ये जेमतेम चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या या पांढऱ्या हत्तींचे कोडकौतुक कशासाठी? श्रीमंतांचा षौक श्रीमंतांनी करावा. शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने त्यात गुंतून पडण्याचे कारण काय? मोटारीच्या चकचकीत क्रोमियमपाशीच नजर थांबली तर या प्रश्नाला उत्तर नाही. पण तोच बॉनेट उघडून आत पाहिले तर निराळाच इतिहास हाती लागतो. तो धनिकांचा नसून शिवडी, माझगाव, कुर्ला येथील कामगारांचा आणि गल्लीबोळांतील मिस्त्रींचा आहे.

शिवडीची खोकी

मुंबईत धावलेल्या बहुसंख्य अमेरिकी मोटारी अमेरिकेतून जशाच्या तशा आलेल्या नव्हत्या, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. जनरल मोटर्स या कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून बोटीने बंदरात येत आणि येथील कामगार त्यांची मोटार उभी करीत. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली शेवर्ले शिवडीतून बाहेर पडली. फोर्ड कंपनीची हिंदुस्थानातील शाखा १९२६ साली स्थापन झाली होती. तिनेही मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे अशीच जुळणी सुरू केली. रंग देणे, आसने शिवणे, तारा जोडणे, ब्रेक लावणे ही कामे हिंदी हातांनी शिकून घेतली ती या कारखान्यांत.

अर्थात जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. यंत्राचे हृदय परदेशात घडायचे आणि येथे केवळ त्याची हाडे जुळवायची, ही स्थिती स्वाभिमानी माणसांना खुपत होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटारीच्या स्वदेशी कारखान्याची योजना मांडली आणि १९३७ नंतर मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखविली. मंत्रिमंडळाने १९३९ साली राजीनामा दिला. तिकडे युद्ध पेटले. आणि परक्या सरकारला हिंदी मोटारीची निकड वाटण्याचे कारण नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मात्र हा ध्यास सोडला नाही. विमाने आणि जहाजे येथेच बांधण्याचे मनसुबे रचणाऱ्या या उद्योगपतीने प्रथम फोर्डशी बोलणी केली. ती फिसकटल्यावर १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली.

कुर्ल्याची शाळा

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशी त्यांची तीन नावे होती. जाणकारांना ठाऊक आहे की या तीन भगिनींचे अंग बव्हंशी एकच होते. पुढच्या जाळीची आणि नावाच्या पट्टीची अदलाबदल केली की बहीण बदलत असे. एका रांगेत सहा सिलिंडरांचे ते साधे, दणकट इंजिन उघडायला सोपे आणि समजायलाही सोपे होते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना ते मानवले त्याचे कारण हेच. त्याच सुमारास महिंद्रांनी माझगावात अमेरिकी विलीज जीप जोडण्यास आरंभ केला होता. म्हणजे प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर मुंबई शहर हे अमेरिकी यंत्रविद्येची एक मोठी शाळाच झाले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

या शाळेतील काही शिक्षक लवकरच निघून गेले. जे कारखाने भाग येथेच बनविण्याचा निश्चित कार्यक्रम आखतील त्यांनाच पुढे वाव द्यावा, अशी भूमिका टॅरिफ कमिशनने १९५३ साली घेतली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांना ती मानवली नाही. १९५४ पर्यंत दोघांनीही गाशा गुंडाळला. प्रीमियर मात्र टिकली. अवजड अमेरिकी गाडीकडून ती हळूहळू इटालियन फियाटकडे वळली आणि त्या फियाटची पुढे 'पद्मिनी' झाली. मध्यमवर्गाची मोटार म्हणून आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने जिने मुंबईच्या तीन पिढ्यांची ने-आण केली, ती पद्मिनी आकाराने लहान असली तरी ज्या हातांनी तिला घडविले त्यांतील अनेकांचा हात डॉज-प्लिमथवरच बसला होता. कुर्ल्याच्या या कारखान्याचा ठसा केवळ रस्त्यांवर उमटला असेही नाही. औद्योगिक तंट्यात दिवाणी न्यायालयाला कितपत अधिकार, या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्याच खटल्यातला असून कामगार कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात.

एका वर्षाची शोभा

या मोटारींच्या जन्मभूमीत त्यांच्याविषयीची दृष्टी अगदी वेगळी होती. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात दरवर्षी नवे मॉडेल काढण्याची प्रथा रुजविली. यंत्र चांगले चालत असले तरी शेजाऱ्याच्या नव्या गाडीपुढे आपली गाडी जुनाट वाटली पाहिजे, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल, असा त्यामागचा हिशेब. हार्ली अर्ल या आकृतिकाराने त्या हिशेबाला रूप दिले. लढाऊ विमानाच्या शेपटावरून सुचलेले कल्ले १९४८ च्या कॅडिलॅकवर प्रथम उगवले आणि दहा-अकरा वर्षांत ते इतके वाढले की १९५९ ची कॅडिलॅक म्हणजे जमिनीवर उतरलेले विमानच भासावे. तिची लांबी सुमारे ५.७ मीटर आणि इंजिन ६.४ लिटरचे. पद्मिनी ३.९ मीटर लांब होती आणि १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० अवघी ३.३ मीटर, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकाराची कल्पना येते.

त्या कल्ल्यांचा वाहतुकीला काडीचाही उपयोग नव्हता. युद्ध जिंकलेल्या, स्वस्त पेट्रोलात न्हाणाऱ्या आणि उद्याचा दिवस आजच्याहून मोठाच असणार असा विश्वास बाळगणाऱ्या समाजाची ती पताका होती. अरब राष्ट्रांनी १९७३ साली तेलाची नाडी आवळली आणि अवघ्या काही महिन्यांत भाव सुमारे चौपट झाले, तेव्हा ती पताका खाली उतरली.

पण येथेच या कथेतील खरी गंमत आहे. वर्षभरात जुनी वाटावी म्हणून घडविलेली वस्तू परक्या मुलखात साठ-साठ, सत्तर-सत्तर वर्षे जगली. ती जगली याचे श्रेय तिला घडविणाऱ्याला कितीसे द्यावे आणि तिला सांभाळणाऱ्याला किती?

हवाना, व्हेस्टेरोस आणि मुंबई

क्यूबात १९५९ साली क्रांती झाली आणि पाठोपाठ अमेरिकेने व्यापार तोडला. नव्या अमेरिकी गाड्या यायच्या बंद झाल्या, पण होत्या त्या गाड्यांना कोणी भंगारात काढले नाही. हवानाच्या रस्त्यांवर आजही त्या उतारूंची ने-आण करतात. लोक त्यांना 'आल्मेंद्रोन' म्हणजे मोठा बदाम म्हणतात. बदामाचे कवच मूळचे असले तरी आतला गर अनेकदा बदललेला असतो. कोठे रशियन भाग, कोठे जपानी डिझेल इंजिन, कोठे घरी ओतलेला सुटा भाग. क्यूबाने या गाड्या षौकाने जपल्या नाहीत. दुसरा इलाज नव्हता म्हणून जपल्या.

स्वीडनची गोष्ट याच्या उलट. त्या संपन्न देशात चांगल्या गाड्या देशातच बनत होत्या. तरीही १९५० च्या दशकापासून कष्टकरी वर्गातील तरुणांनी जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या अमेरिकी गाड्या उचलल्या आणि त्यांतून संथपणे गावभर हिंडण्याची एक रीतच पाडली. 'रागारे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोरांकडे सभ्य समाज नाक मुरडून पाहत असे. पुढे व्हेस्टेरोस या शहरात अशा मोटारींचा युरोपभर गाजलेला मेळा भरू लागला. शनिवारी-रविवारी स्वतः हात काळे करून गाडी दुरुस्त करणे हा तेथील शिष्टाचार होय.

मुंबईची वाट या दोन्हींच्या मधली. परदेशी तयार गाड्यांच्या आयातीवर स्वातंत्र्यानंतर कडक निर्बंध आले. त्यामुळे वकिलातींमधून किंवा परदेशाहून परतलेल्यांबरोबर येणारी एखादी इम्पाला हीच काय ती भर. सुटे भाग मिळणे दुरापास्त. अशा वेळी गॅरेजमधला मिस्त्री झिजलेला भाग हातात घेई, कॅलिपरने मोजी आणि शेजारच्या लेथवर तसाच दुसरा काढून आणी. पत्रेवाला हातोडीने मडगार्डची वळणे परत आणी; कुशनवाला जुन्या शिवणीचा माग काढून आसन मढवी; चोरबाजारात कोणत्या गाडीचा दिवा कोणत्या गाडीला चालतो याचे ज्ञान तोंडपाठ असलेली माणसे बसत. यांच्यापैकी अनेकांनी इंग्रजी मॅन्युअल कधी वाचले नव्हते. त्यांचे मॅन्युअल उस्तादाच्या हातात होते आणि ते हातातून हाती गेले. पेट्रोल परवडेना तेव्हा याच मिस्त्रींनी अमेरिकी धुडाच्या पोटात डिझेल इंजिन बसवून दिले आणि त्या गाडीवर पोट असलेल्या कुटुंबाची चूल पेटती ठेवली.

कायदा काय जपतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' असा स्वतंत्र दर्जा दिला. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. पुढे पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. ही वाहने नित्याच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मेळावा, त्याचप्रमाणे इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच त्यांना मोकळीक आहे. वारसा म्हणून जुन्या मोटारीला कायद्याने ओळख दिली, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

तथापि या नियमात एक अट अशी आहे की वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. बनावटगिरीला आळा घालण्यासाठी ही अट योग्यच आहे. पण तिचा परिणाम काय होतो ते पाहावे. जी गाडी बंगल्याच्या आवारात आच्छादनाखाली निवांत पडून राहिली ती 'मूळ' ठरते. आणि जिने डिझेल इंजिन घालून घेऊन वर्षानुवर्षे कष्ट उपसले, जिच्या अंगावर मुंबईच्या कारागिरीच्या खुणा आहेत, ती वारशाच्या व्याख्येबाहेर पडते. मालकाचे वैभव वारसा ठरले आणि मिस्त्रीची प्रतिज्ञा मात्र दोष ठरली, असा हा उफराटा न्याय होय.

दुसरा प्रश्न सामान्य माणसाच्या गाडीचा. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निघाली. खासगी पद्मिनी अजून काहींच्या दारी आहेत. परंतु १९८५ साली नोंदविलेली पद्मिनी पन्नाशी गाठणार २०३५ मध्ये. तोपर्यंत तिला दर पाच वर्षांनी तपासणी, वाढते शुल्क आणि भंगाराचा धाक सोसायचा आहे. त्यातच पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटर यांना ते बाधते. कॅडिलॅकचा मालक हा खर्च सोसू शकेल. निवृत्त शिक्षकाने तो कोठून सोसावा? हवेच्या प्रदूषणाचा मुद्दा कोणीही डोळ्यांआड करू नये. महिन्याकाठी पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या मोजक्या गाड्यांसाठी मर्यादित वापराचा एखादा मधला वर्ग आखणे मात्र अशक्य नाही.

खाडीपलीकडचे कर्तव्य

हा सारा हिशेब नवी मुंबईशी कसा जोडलेला आहे, हे नकाशावर बोट ठेवले की कळते. सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याचे एक टोक शिवडीत आहे आणि दुसरे उरण तालुक्यात चिर्ले येथे. ज्या शिवडीत खोकी फोडून शेवर्ले जोडल्या गेल्या तेथून आजचा मोटारवाला अर्ध्या तासाच्या आत नवी मुंबईच्या भूमीवर उतरतो; पण पुलाच्या कोठल्याच टोकाला त्या कारखान्याची आठवण त्याला होत नाही. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर निवासी इमारती आणि व्यापारी संकुल उभे राहिले आहे. जनरल मोटर्स दुसऱ्यांदा भारतात आली, तळेगावला तिने मोठा कारखाना काढला आणि २०१७ साली देशातील विक्री, तर २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबवून ती पुन्हा परतली. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. कंपन्या येतात आणि जातात. त्यांनी मागे ठेवलेली विद्या कोठे साठविली जाते, हाच काय तो कायमचा प्रश्न.

मुंबईत आता अशा गाड्यांना उभे राहायलाही जागा उरलेली नाही. नवी मुंबईतही सोसायटीच्या आवारात आखलेल्या चौकटीत ५.७ मीटरची गाडी ठेवली तर तिचे शेपूट शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. तरीही या शहरापाशी तुर्भे, पावणे, रबाळे येथील शेकडो लहान यंत्रशाळा आहेत, लेथ आहेत, फिटर-टर्नर घडविणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि आखून-रेखून वसविलेल्या शहराला शोभेल अशी सार्वजनिक जागा काढून देण्याची क्षमता असलेली सिडको आहे. एका जुन्या गोदामातसुद्धा अशी कार्यशाळा उभी राहू शकेल की जेथे गाड्या केवळ दोरखंडापलीकडे मांडून ठेवलेल्या नसतील. त्या उघडल्या जातील, दुरुस्त होतील आणि विद्यार्थ्यांसमोर सुरू करून दाखविल्या जातील. साठी-सत्तरी गाठलेल्या मिस्त्रींना तेथे मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावे. ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे शहर वसले, त्या घरांतील मुलांना ती विद्या प्रथम मिळावी. जुन्या वाहनांचे पुनरुज्जीवन हा जगभर चांगले पैसे देणारा व्यवसाय आहे. त्याला लागणारा हात येथे आधीच तयार आहे, फक्त तो थरथरू लागला आहे.

याहून सोपी आणि बिनखर्चाची गोष्ट मालकांना आजच करता येईल. प्रत्येक जुन्या गाडीबरोबर कामाची एक वही असावी. कोणत्या वर्षी कोणता भाग कोणी बनविला, इंजिन कोणी उतरविले, रंग कोणी दिला, याची नावानिशी नोंद तीत व्हावी. इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पाठवून शिवडी-कुर्ल्याच्या कारखान्यांत राबलेल्यांच्या, त्यांच्या मुलाबाळांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. किल्ल्यांचे शिलालेख वाचण्याची जी तळमळ महाराष्ट्राने दाखविली, तिचा शतांश जरी इकडे वळला तरी पुष्कळ काम होईल. नियम करणाऱ्यांनीही मूळ स्वरूपाबरोबर 'नोंद असलेला फेरफार' हा वारशाचाच भाग मानण्याचा विचार करावा.

हत्तीच्या वैभवात राजाचे नाव बखरीत राहिले. माहुताचे कोणी लिहून ठेवले नाही. त्या काळी लिहिणे मोजक्यांच्या हाती होते, ही सबब तरी होती. आज प्रत्येक शाळेत वही आहे, प्रत्येक खिशात छायाचित्र घेणारे यंत्र आहे आणि गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसलेला म्हातारा मिस्त्री विचारल्यास सारे सांगायला तयार आहे. त्याला विचारण्यासाठी फार वर्षे उरलेली नाहीत.